दिसू नये असा रफू

बायका वकील कसा शोधतात? कुणी ओळखीतून, कुणी पाटी वाचून, कुणी पेपरातली जाहिरात बघून. रफूबाईने शोधला तो कोटावरून. ऐकणारे हसतात. हसू देत. तिच्या जागी ते असते तर त्यांनी काय दिवे लावले असते, तेही बघितलं असतं.

रफूबाई म्हणजे लॉन्ड्रीच्या खिडकीत बसून फाटक्या कपड्यांना रफू करणारी बाई. तिला नाव होतं, नाही असं नाही, पण नऊ वर्षं त्या खिडकीत बसल्यावर ते कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. लॉन्ड्री काकांची. काका कुणाचेच सख्खे काका नव्हेत, अख्ख्या रस्त्याचे काका. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची दोन टेबलं, वर लोखंडी दांड्या आणि दांड्यांना लटकणारे कपडे. कोर्ट तीन गल्ल्या सोडून, त्यामुळे त्यातले निम्मे कपडे वकिलांचे काळे कोट. काळ्यावर काळा रफू करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. धागा दिसत नाही आणि चुकलेला टाका मात्र लगेच दिसतो. तिचा कधी दिसला नाही. हे काम तिला वडिलांनी शिकवलं होतं. ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "रफू शोधून दाखवा आणि पैसे परत न्या." कुणी नेले नाहीत.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. चारचौघांत इतका गोड की मुंगळे लागावेत. शेजारच्या आजींचा गॅस संपला तर टाकी खांद्यावरून आणून देणार, कुणाची मोटर बिघडली तर फुकटात बघून देणार. आणि घराचं दार लागलं की तेच हात. तो धरायचा तो नेहमी कपड्याला धरूनच. कधी कॉलर, कधी बाही, कधी खांदा. अंगावरचे वळ आठवड्याभरात उतरायचे. कपडा मात्र आपोआप भरून येत नाही, तो ती त्याच दिवशी रफू करून टाकायची. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंच, "काय गं, रात्री आवाज येत होता?" तर "कुठं काय!" म्हणायला ती मोकळी. अंगावर धड कपडा असला की लोक पुढचं विचारत नाहीत, हे तिला पहिल्या वर्षातच कळलं होतं. अशी अकरा वर्षं गेली.

मग एका सकाळी तो कामावर जायच्या घाईत होता आणि त्याचा डबा भरलेला नव्हता. बस, एवढंच. त्याने मागून तिच्या निळ्या ड्रेसला धरून खेचलं. ड्रेस खांद्यापासून कमरेपर्यंत टरकन फाटला आणि तो स्वतःच्याच जोराने मागे पलंगावर आपटला. तेवढ्यात ती दाराबाहेर पडली. काय मनात आलं, कुठून बळ आलं, तिला अजून सांगता येत नाही. खुंटीवरचा शाल-पिशवीचा गठ्ठा हाताला लागला तेवढा घेतला, शाल पाठीवर ओढली आणि थेट लॉन्ड्रीत येऊन खिडकीत बसली. त्या दिवशी तिने तीन कोट रफू केले. संध्याकाळी नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात एक कॉट मिळाली. खोलीत आणखी तिघी होत्या. त्या आपापसात हसत-बोलत आणि ती आली की जरा गप्प होत. त्यांचंही काही चुकत नव्हतं, नव्या माणसापुढे कोण मोकळं बोलतं?

सुटली म्हणावं, तर चौथ्या दिवसापासून नवरा लॉन्ड्रीसमोर येऊन उभा राहू लागला. सकाळची पाळी संपली की दुपारी दोनला हजर. आधी हात जोडले, मग रडला, मग ओरडू लागला. एकदा रस्त्यावरचा दगड उचलून त्याने काचेवर मारला. काच तडकली. आत कोट न्यायला आलेले एक गृहस्थ कोट न घेताच निघून गेले.

काकांनी काचेला चिकटपट्टी लावली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "हे बघ, माझं पोट या काउंटरवर आहे. मी काही तुझा वैरी नाही. पण महिनाअखेरपर्यंत त्याला इथे यायची बंदी करणारा कोर्टाचा कागद आण. नाहीतर..."

नाहीतरच्या पुढचं तिला न सांगता कळलं. खिडकी गेली की काम गेलं, काम गेलं की कॉट गेली, आणि कॉट गेली की परत तेच दार. हातात अठरा दिवस होते.

तिने दादाला फोन केला. सख्खा भाऊ, दुसऱ्या गावात असतो. दादा "बघू" म्हणाला. मागून वहिनीचा आवाज आला, "राहायला येतायत का?" दादा म्हणाला, "नाही गं, सहज फोन आहे." मग तिलाही तो सहजच करावा लागला. हवापाण्याचं बोलून तिने ठेवून दिला.

मग वकील. रेशमी अस्तराचा कोट घालणारे एक मोठे वकील दर सोमवारी स्वतः कोट न्यायला येत. तिने धीर करून विचारलं. त्यांनी अगदी सभ्यपणे फी सांगितली. तिची सहा महिन्यांची कमाई, त्यातली निम्मी आधी. वर म्हणाले, "तुमच्यासाठी कमी करून सांगतोय." तिने आभार मानले. दुसरं काय करणार? मग वसतिगृहाच्या फळ्यावर एक नंबर होता, पीडित महिलांसाठी मोफत सल्ला. तो लावला तर एक मंजुळ आवाज म्हणाला, आपण रांगेत अकराव्या आहात. पाऊण तास ती अकरावीच राहिली. पुढच्या दहाजणींचं काय झालं देव जाणे. दुसऱ्या दिवशी फोन लागला, तर एका बाईने तीन पत्ते दिले. पहिल्या पत्त्यावर आता चष्म्याचं दुकान होतं. दुसरीकडे म्हणाले, आमच्याकडे फक्त समुपदेशन, नवऱ्याला घेऊन या. नवऱ्याला घेऊन या! वाघाला घेऊन या म्हटल्यासारखं. तिसरा पत्ता कोर्टातलाच, मोफत विधी सहाय्य, तिसरा मजला. ती तिसऱ्या मजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा चालली. तशी पाटीच नव्हती. ज्याला त्याला विचारलं, तर ज्याने त्याने दुसरीकडे बोट दाखवलं.

नऊ दिवस संपले. दहाव्या दिवशी सकाळी कोटांचा गठ्ठा आला. कोर्टातला शिपाई पाच-सहाजणांचे कोट एकदम आणून टाकायचा. वर नावं नसायची, नुसते लॉन्ड्रीचे नंबर. त्यात तो कोट होता. तो ती हातानेच ओळखायची. बाईचा कोट, अस्तर विटलेलं, डाव्या कोपरावर एकाखाली एक असे सात रफू. सातही तिचेच. मूळचं कापड संपत आलं होतं आणि कोपर आता बरंचसं तिच्या धाग्यावरच उभं होतं. दर वेळी तिला वाटायचं, एवढ्यात नवा शिवला असता की. आज प्रथमच तिला दुसरं काहीतरी वाटलं. ज्या वकिलाला सात वेळा कोट रफू करावा लागतो, ती वकील काही रेशमी अस्तरवाल्याची फी मागणार नाही.

"काका, हा कोट कुणाचा?"

"शिपायाला माहीत."

शिपाई सुट्टीवर गेला होता, गठ्ठा त्याच्या बदलीवाल्याने टाकला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, मला माझं टेबल कुठलं तेच अजून कळलेलं नाही."

मग काय! संध्याकाळी गठ्ठा इस्त्री होऊन कोर्टात परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रफूबाई कोर्टात गेली आणि कोट शोधू लागली. कोर्टात काळे कोट म्हणजे समुद्रात पाणी. ती जिन्याखाली उभी राहून प्रत्येकीच्या डाव्या कोपराकडे बघत होती. कुणी वळून बघितलं की नजर खाली. एका बाईंच्या मागे ती पार दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली, तर कोपर कोरं. पहारेकऱ्याने शेवटी हटकलंच.

"बाई, कुणाला शोधताय?"

"कोटाला."

"घालणाऱ्याचं नाव काय?"

"ते माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला उभी राहिले असते?"

तो चक्रावून बाजूला झाला. आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, पायरीवरच बसून, मांडीवर फायली घेऊन एक पन्नाशीच्या बाई चहात बिस्कीट बुडवत होत्या. डावा हात फायलीवर टेकलेला. रफूबाईने लांबूनच ओळखलं. जाऊन तिने सरळ कोपराला हात लावला.

"हा माझा रफू आहे."

बाई दचकल्या. बिस्कीट चहात पडलं. त्यांनी कोपर वळवून बघितलं, चष्मा वर करून बघितलं. "कुठला रफू?"

"हा काय. एक, दोन, तीन... सात."

"मला तर काहीच दिसत नाही."

"मला दिसतो," रफूबाई म्हणाली, आणि एकदम रडायलाच लागली. तीन आठवडे ती रडली नव्हती आणि आता भर जिन्यात, अनोळखी बाईसमोर, कोपर धरून! वकीलबाईंनी कोपर सोडवून घेतलं नाही. फायली सरकवून पायरीवर जागा करून दिली.

मोफत विधी सहाय्य म्हणजे त्याच. खोली कोपऱ्यातली, दोन कपाटांच्या मागे. "पाटी रंगवायला दिलीय," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. फीचं विचारू नका, तुमच्याकडून एक पैसा घ्यायचा नसतो. सरकार देतं मला. म्हणजे आठवण झाली की देतं." मग त्यांनी कागद पुढे ओढला. डॉक्टरचा दाखला आहे? नाही. पोलिसांत तक्रार? नाही. फोटो? नाही. शेजारी कुणी साक्ष देईल? शेजारी तर त्याला देवमाणूस म्हणतात.

"फाटलेले कपडे तरी असतील?"

"आहेत ना. सगळे रफू केलेत," रफूबाई म्हणाली. सांगताना तिच्या आवाजात जराशी ऐट आली, आणि वकीलबाईंचा चेहरा बघून ती उतरली.

"अहो, अकरा वर्षांचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवलात!"

"एक राहिलाय. निळा ड्रेस. त्या दिवशीचा."

"फाटका आहे?"

"इथून इथपर्यंत."

"मग हात लावू नका. घेऊन या, फोटो काढून ठेवू. आणि कोर्टात तोच दाखवायचा."

अर्ज झाला. तारीख पडली ती महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाची. रफूबाई ड्रेस पिशवीत घालून दोनदा तिसऱ्या मजल्यावर गेली. दोन्ही वेळा खोलीला कुलूप. साठ बायकांच्या केसेस आणि वकील एकटी, ती कुठे कुठे पुरणार? शेवटी वकीलबाईंचा फोन आला, "असू दे, तारखेलाच आणा. तसाच आणा."

तारखेच्या आधीचा रविवार. वसतिगृह रिकामं. कुणी बहिणीकडे, कुणी आईकडे, एकीला न्यायला तिचा मुलगा आला होता, त्याने जाताना सगळ्यांना टाटा केला. रफूबाई कॉटवर बसून राहिली. दुपारी तिने उद्यापरवा लागेल म्हणून ड्रेस काढून नीट घडी करायला घेतला. घडी करायलाच हं, दुसरं काही मनात नव्हतं. फाटलेल्या कडेला धागे लोंबत होते. एक लोंबता धागा तिने आत वळवला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कशी वेडी? वेडी नव्हती हो. न्यायाधीशासमोर पाठ उघडी पडलेला कपडा ठेवायचा, भरल्या कोर्टात, परक्या पुरुषांनी तो हातात घेऊन बघायचा, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. वडील म्हणायचे, फाटकं कुणाच्या हातात द्यायचं नाही, ते आपलंच उणं. आणि दुसरं म्हणजे तिला खरंच वाटत होतं की रफू हा फाटल्याचाच पुरावा. तिला स्वतःला रफू दिसायचा. प्रत्येक टाका दिसायचा, दिवसाढवळ्या दिसावा तसा. ज्याला दिसतं त्याला, दुसऱ्याला दिसत नाही हे खरंच वाटत नाही. तिने ड्रेसच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढले, सुई ओवली आणि उजेड जाईपर्यंत बसली. उभा धागा, आडवा धागा. झालं तेव्हा तिला घर सोडल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. ती पोटभर जेवली आणि शांत झोपली.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या फाटकावर तिची सुयांची डबी काढून घेतली. आत नवरा होता, धुतलेला शर्ट, नीट भांग. त्याचा वकील तरणा, कोट कोरा करकरीत, एकाही रफूचा अनुभव नसलेला. नंबर पुकारला गेला. वकीलबाईंनी सगळी हकिकत सांगितली आणि पिशवीतून ड्रेस काढून न्यायाधीशांसमोर उलगडला.

उलगडला आणि त्या थांबल्या. पुढून बघितला, मागून बघितला. खांदा चाचपला. "कुठंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो काय, खांद्यापासून. परवा केला," रफूबाईने बोट दाखवलं.

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. तरणा वकील पुढे आला, ड्रेस उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "साहेब, हा तर दुकानातून आत्ता आणल्यासारखा आहे." मागच्या बाकांवर हशा झाला. नवराही हसला. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. ते हसू आलं की रात्री काय होतं तेही ओळखीचं होतं. आत्ता, या क्षणाला तिला कळलं की आपण काय करून बसलोय. खिडकी गेली. कॉट गेली. दार समोर आलं.

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी टेबलावरचं भिंग उचलून खांदा बघितला, बराच वेळ बघितला. "बाई, मला इथे काही दिसत नाही."

"दिसणारच नाही, साहेब," ती म्हणाली. आपला आवाज एवढ्या मोठ्या खोलीत तिने पहिल्यांदाच ऐकला. "दिसला असता तर मी नऊ वर्षं खिडकीत बसले नसते. पण तो आहे. मी उसवून दाखवते."

"साहेब, आमची हरकत आहे!" तरणा वकील म्हणाला. "या इथेच फाडतील आणि म्हणतील नवऱ्याने फाडला."

वकीलबाई आता जाग्या झाल्या. "फाडणं वेगळं आणि उसवणं वेगळं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होईल. हरकतवाल्यांनी जवळ येऊन बघावं."

"कात्री द्यायची का यांना?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कात्री नको, साहेब. सुई पुरे." आणि तिने कॉलरच्या आतून सुई काढली. दारातला पोलीस दोन पावलं पुढे आला. डबी तर फाटकावर ठेवली होती, पण कॉलरमधली सुई तिच्या लेखी सामान नव्हतंच. ती अंगावर असतेच.

"दहा मिनिटं," न्यायाधीश म्हणाले.

खाली कारकुनाच्या टेबलावर तिने ड्रेस पसरला. सुईच्या टोकाने पहिला धागा उचलला आणि ओढला. मग दुसरा. हाताला सवय उलटीकडून जायची नव्हती, पण वाट ठाऊक होती. काढलेला प्रत्येक धागा ती पांढऱ्या कागदावर बाजूला ठेवत होती. हळूहळू कापड तोंड उघडू लागलं. कुणी हसत नव्हतं. नवरा तेवढा म्हणाला, "साहेब, दाराच्या खिळ्यात अडकला होता तो. मी तेव्हाच म्हटलं होतं, जपून जा."

म्हणजे फाटला होता! वकीलबाईंनी ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगितलं. तरण्या वकिलाने नवऱ्याचा हात दाबला, पण उशीर झाला होता.

न्यायाधीश वाकून बघत होते. "खिळ्याने फाटला असेल का हो, बाई?"

तिने मान वर केली नाही. कामाचं विचारलं की तिला भीती वाटत नसे. "खिळ्याचं फाटणं काटकोनात असतं, साहेब. एक उभं, एक आडवं. रोज चार येतात माझ्याकडे. हे बघा, हे तिरकं गेलंय. शिवण सोडून धड कापड तिरकं फाटतं ते मुठीत धरून मागून ओढल्याशिवाय नाही. आणि इथे वर चार जागी वीण विरलीय. ही चार बोटं. अंगठा आतल्या बाजूला."

तिने स्वतःची मूठ त्या जागेवर ठेवली. मूठ लहान पडली. न्यायाधीशांनी नवऱ्याच्या हाताकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनीच बघितलं. नवऱ्याने हात खिशात घातले.

"पुरे," न्यायाधीश म्हणाले. "दिसलं."

"अजून दोन बोटं राहिलंय, साहेब."

"पुरे झालं हो, बाई."

"अर्धवट सोडता येत नाही," ती म्हणाली. ती आता रडत होती, पण हात थांबत नव्हता. न्यायाधीशांनी घड्याळाकडे बघितलं. तिने कमरेपर्यंत उसवलं. मग सुई परत कॉलरमध्ये खोचली.

हुकूम तात्पुरता होता, पुढच्या तारखेपर्यंतचा. नवऱ्याने लॉन्ड्रीच्या आणि वसतिगृहाच्या रस्त्याला फिरकायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. कारकुनाने ड्रेस आणि काढलेले धागे पाकिटात घातले आणि वर नंबराची चिठ्ठी लावली. ती लॉन्ड्रीत लावायची तशीच.

"परत मिळेल ना?"

"केस संपल्यावर."

"कसा मिळेल?"

"कसा म्हणजे? आहे तसा."

ती जिन्यावरून उतरली. वकीलबाईंचा पुढचा नंबर लागला होता, त्यांनी लांबूनच हात केला आणि दुसऱ्या एका बाईला घेऊन आत गेल्या. पायऱ्यांवर रफूबाईने फोन काढला. दादाचं नाव शोधून काढलं, तिने त्याकडे बघितलं आणि फोन परत ठेवला. ही गोष्ट सांगावी असं एवढ्या मोठ्या जगात तिला दुसरं कुणी आठवेना. फाटकावर सुयांची डबी परत घेतली आणि चालत लॉन्ड्रीत आली. दोन वाजून गेले होते. समोरच्या फुटपाथवर कुणी नव्हतं.

काकांनी कागद दोनदा वाचला. मग चिकटपट्टी घेऊन तो काउंटरच्या मागे, आतल्या बाजूने लावला, पोलीस आले तर हाताशी असावा म्हणून. "बस आता," म्हणाले. ती बसली. संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर गठ्ठा आला, त्यात वरच तो सात रफूंचा कोट होता. कोपर पुन्हा विरलं होतं. तिने तो मांडीवर घेतला.

मागे काका इस्त्री फिरवत होते. मग इस्त्री थांबली.

"फार फाटला होता का गं?" काकांनी विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

कुठं काय, असं तिच्या तोंडावर आलं होतं. तिने ते गिळलं. डावा हात उचलून खांद्यावर ठेवला आणि तिथून खाली कमरेपर्यंत आणला. "इथून इथपर्यंत. हा झाला शेवटचा. याच्याआधी कॉलरी किती, बाह्या किती, सगळ्या मीच केल्यात. याच खिडकीत बसून, तुमच्यासमोर."

काका इस्त्री हातात धरून उभे राहिले. "दिसलं नाही गं कधी."

ते खरं बोलत होते की खोटं, हे तिला कळेना. वळ तर गळ्यावरही असायचे, आणि गळ्याला कुणी रफू करत नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"दिसू नये म्हणूनच करत होते, काका," ती म्हणाली, आणि कोपर उजेडाकडे धरून सुईत धागा ओवायला लागली.